कारण माहीत नसताना: लेट्यूसच्या मुळांचे रोग आणि त्यांना पुरून उरणारे वाण

तुम्ही अमेरिकेत कुठेही राहत असाल, तरी तुमच्या फ्रिजमधलं लेट्यूस बहुधा मोजक्या दोन-तीन खोऱ्यांतून आलेलं असतं. उन्हाळ्यात ते येतं कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यातून. थंडी सुरू झाली की सगळा कारभार दक्षिणेला सरकतो: अ‍ॅरिझोनातलं युमा आणि कॅलिफोर्नियातली इम्पीरियल व्हॅली. देशात पिकणाऱ्या लेट्यूसपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त या दोन राज्यांत पिकतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना इथे आल्यावर पहिले काही महिने प्रश्न पडलेला असतो की या पाल्यात खायचं काय? पण हळूहळू सवय होते, आणि मग ती पिशवी दर आठवड्याला आपोआप ट्रॉलीत पडते.

या पिशवीतल्या पानांना शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा जमिनीखाली घडलेला आहे. लेट्यूसच्या मुळांना, किंवा मुळांवाटे झाडाला, होणारे रोग आणि त्या रोगांना दाद न देणारे वाण शोधणारी माणसं, असा तो इतिहास. पॉडकास्टवर विज्ञानाबद्दल बोलताना आपण बरेचदा एक क्रम गृहीत धरतो: आधी रोगाचं कारण सापडतं, मग उपाय. लेट्यूसच्या बाबतीत हा क्रम वारंवार उलटा झालेला आहे. उपाय आधी सापडला, कारण नंतर. कधी दहा वर्षांनी, कधी सत्तर. हे कसं शक्य झालं आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, हे या लेखात पाहू.

आधी थोडं झाडाबद्दल. लेट्यूस हे सूर्यफूल, करडई आणि कारळ्याच्या कुळातलं. आपण ते फुलायच्या आत कापतो, म्हणून त्याचं फूल फार जणांनी पाहिलेलं नसतं. लहानसं, पिवळं, आणि एकदाच सकाळी काही तास उघडणारं. प्रत्येक फूल म्हणजे खरं तर पंधरा-वीस बारीक फुलांचा गुच्छ, आणि त्यातल्या प्रत्येकाचं एक बी. हे फूल स्वतःच स्वतःचं परागण करतं. त्यामुळे दोन वाणांचा संकर करायचा तर फूल उघडताक्षणी त्यावरचे पराग पाण्याच्या बारीक फवाऱ्याने धुऊन टाकायचे, ते सुकू द्यायचं, आणि मग दुसऱ्या वाणाचं फूल त्यावर हलकेच घासायचं. ही धुण्याची युक्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. हे सगळं सकाळच्या ठरावीक वेळातच जमतं. वेळ चुकली की त्या फुलापुरता दिवस गेला.

स्वपरागणाचा एक फायदा मात्र आहे. एखादं चांगलं झाड सापडलं, तर त्याच्या बियांतून बरंचसं तसंच झाड पुन्हा मिळतं. पुढच्या गोष्टीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

इम्पीरियल व्हॅली, १९२०चं दशक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेच्या डब्यांत बर्फ भरून पश्चिमेचं लेट्यूस पूर्वेच्या शहरांत पाठवायला सुरुवात झाली. हा धंदा किती जोखमीचा होता, ते जॉन स्टाइनबेकच्या 'ईस्ट ऑफ ईडन' या कादंबरीत दिसतं. त्यातला अ‍ॅडम ट्रास्क सलिनासहून बर्फातलं लेट्यूस पूर्वेला पाठवतो आणि त्यात पुरता बुडतो. प्रत्यक्षात धंदा टिकला आणि फोफावला. टिकाऊ, घट्ट गड्ड्याचं 'न्यूयॉर्क' नावाचं वाण मैलोन् मैल लावलं गेलं. एकच पीक, एकच वाण, तीच जमीन, दरवर्षी.

आणि मग पीक बसायला लागलं. रोपं खुजी राहत, पानं पिवळी पडून तपकिरी होत आणि झाड मरे. ज्या जमिनीत हे एकदा दिसलं, तिथे ते पुन्हा पुन्हा दिसे. याला नाव पडलं 'ब्राउन ब्लाइट'. अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतीरोगतज्ज्ञ आयव्हन जॅगर यांनी या रोगावर काम सुरू केलं. कारण काही सापडेना. बुरशी म्हणावी तर ठोस पुरावा नाही, आणि जिवाणू म्हणावा तर तोही नाही.

जॅगर यांनी मग शेतकरी पिढ्यान् पिढ्या करत आला तेच केलं. मेलेल्या पिकात जिवंत राहिलेली झाडं शोधली, त्यांचं बी धरलं, आणि ते पुन्हा त्याच आजारी जमिनीत पेरलं. जे तगलं त्याचं पुन्हा बी. अशा निवडीतून आणि पुढच्या संकरांतून 'इम्पीरियल' नावाची वाणांची एक मालिकाच तयार झाली. या वाणांना नुसते क्रमांक होते: इम्पीरियल ४४, इम्पीरियल १५२, इम्पीरियल ८४७. जॅगर १९३९ साली वारले. त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केलेली या वाणांची माहितीपुस्तिका कृषी खात्याने १९४१ साली काढली. तोवर ब्राउन ब्लाइट शेतातून जवळजवळ दिसेनासा झाला होता. रोग गेला, पण तो कशाने होत होता हे कोणालाच कळलं नव्हतं.

एक रोग, सत्तर वर्षं

जॅगर यांच्याच नावावर आणखी एक रोग आहे. १९३४ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर 'बिग व्हेन'चं वर्णन प्रसिद्ध केलं. यात पानाच्या शिरांलगतचा भाग फिका होतो, त्यामुळे शिरा सुजून जाड झाल्यासारख्या दिसतात. पानं ताठ उभी राहतात आणि गड्डा उशिरा किंवा लहान धरतो. थंड, ओल्या मातीत हा रोग जास्त.

याच्या कारणाचा शोध एखाद्या लांबलेल्या खटल्यासारखा चालला. मातीतून येतो हे लवकर कळलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस मुळांत राहणाऱ्या 'ऑल्पिडियम' या सूक्ष्म जीवावर संशय आला, आणि त्यालाच बरीच वर्षं गुन्हेगार मानलं गेलं. मग लक्षात आलं की तो नुसता वाहक आहे, रोग करणारं काहीतरी तो मुळात आणून सोडतो. १९८०च्या दशकात जपानमध्ये एक विषाणू सापडला आणि वाटलं, सापडलं कारण! पण २०००च्या आसपास युरोपात त्याच झाडांत दुसराही एक विषाणू आढळला, मिराफिओरी. खरा रोग हा दुसराच करतो, हे २००२च्या सुमाराला सिद्ध झालं.

म्हणजे वर्णनापासून कारणापर्यंत जवळपास सत्तर वर्षं. या सगळ्या काळात शेतकरी थांबले नव्हते आणि वाण तयार करणारेही नाहीत. सलिनासच्या सरकारी केंद्रात एडवर्ड रायडर यांनी कित्येक वर्षं रोगट जमिनीत लेट्यूस लावून कमी बळी पडणाऱ्या ओळी निवडल्या. पूर्ण प्रतिकार लेट्यूसमध्ये मिळाला नाही, पण सहन करण्याची ताकद मिळाली. पूर्ण प्रतिकार आहे तो 'लॅक्टुका व्हिरोसा' या रानटी, कडू, काटेरी भावंडात. त्याचा लेट्यूसशी संकर झाला तरी संतती बहुतेक वांझ निघते. तरीसुद्धा या रानटी जातीचा अंश घेऊन रॉस थॉम्पसन यांनी 'व्हॅनगार्ड' हे वाण १९५८ साली आणलं. गडद हिरवी पानं आणि दणकट मुळं ही त्याची ओळख. आजच्या बऱ्याच आइसबर्ग वाणांच्या वंशावळीत व्हॅनगार्ड आहे.

चुकीचं कारण, बरोबर वाण

तिसरा रोग आहे 'कॉर्की रूट'. झाड उपटलं की मुख्य मुळावर आधी पिवळे पट्टे दिसतात, मग ते तपकिरी होतात, आणि शेवटी सगळं मूळ बुचासारखं खरखरीत, भेगाळलेलं होतं. बारीक मुळ्या झडतात. झाड मरत नाही, पण गड्डा लहान राहतो, म्हणजे पेटीत भरायच्या लायकीचा राहत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच.

१९६०च्या दशकात यावर विस्कॉन्सिन विद्यापीठात लुईस सेकेरा काम करत होते. ते मूळचे कोस्टा रिकाचे आणि पुढे वनस्पतीरोगशास्त्रातलं मोठं नाव झाले. त्यांच्या गटाला असं दिसलं की जमिनीत गाडलेले लेट्यूसचे अवशेष कुजताना विषारी द्रव्यं तयार होतात आणि त्यांनी मुळं जळाल्यासारखी होतात. इतरांना अमोनियाचा संशय होता, कारण नत्राची खतं जास्त दिली की रोग वाढे. हे सगळं पटण्यासारखं होतं. लेट्यूसवर लेट्यूस घेणाऱ्या जमिनीतच हा रोग बळावायचा, आणि विषारी अवशेषांच्या कल्पनेत ते चपखल बसत होतं.

याच काळात सेकेरा यांनी रोगट जमिनीत तगणारी झाडं निवडून 'मोंटेलो' हे वाण तयार केलं. फ्लोरिडातही अशी वाणं आली. आणि १९८८ साली डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आरिएना व्हॅन ब्रुगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की रोगाचं मूळ आहे एक जिवाणू. तो फार हळू वाढतो. नेहमीच्या पद्धतीने मुळातून जिवाणू वाढवायला ठेवले तर इतर जलद वाढणारे जिवाणू आधी बशी व्यापून टाकतात आणि हा मागे पडतो, म्हणून तो इतकी वर्षं हाती लागला नव्हता.

त्याच वर्षी प्रतिकाराचं आनुवंशिक गणितही सुटलं. तो 'कॉर' नावाच्या एकाच अप्रभावी जनुकामुळे येतो. अप्रभावी म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही तो मिळाला तरच झाडात दिसणार. त्यामुळे पहिल्या संकराच्या पिढीत काहीच दिसत नाही. पुढच्या पिढीत चारातल्या साधारण एका झाडात तो उमटतो. जनुकाच्या खुणा तपासायच्या पद्धती येण्याआधी प्रत्येक वेळी हे असं एक पिढी थांबून, मुळं उपटून बघावं लागे.

आता जरा विचार करा. सेकेरा यांची कारणमीमांसा पुढे टिकली नाही, पण त्यांचं वाण टिकलं. कारण ती निवड त्यांच्या कल्पनेने केली नव्हती, आजारी जमिनीने केली होती. मातीत जे काही होतं त्याच्याशी झाडाची प्रत्यक्ष गाठ पडली आणि जे उरलं ते उरलं.

ही पद्धत आपल्याला परकी नाही. तुरीचा 'मर' रोग तुमच्यापैकी शेतीशी संबंध असलेल्यांना ठाऊक असेलच: उभं, हिरवं झाड अचानक सुकतं. तिथे कारण लवकर कळलं होतं. मातीतली फ्युजेरियम बुरशी हे त्याचं कारण, आणि एडविन बटलर यांनी पुसा येथे १९१०च्या सुमारास त्यावर काम केलं होतं. पण वाण शोधायची रीत तीच: रोगाने भरलेला प्लॉट मुद्दाम राखायचा आणि त्यात शेकडो ओळी पेरायच्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने महाराष्ट्रातल्या जुन्या स्थानिक तुरीतून निवडलेलं 'मारुती' हे मर-प्रतिकारक वाण अशाच चाळणीतून आलं आणि १९८०च्या दशकात कर्नाटकात प्रसारित झालं.

रोमेन आणि परत आलेला रोग

इथवर वाचून वाटेल, मग कारण शोधायची गरजच काय? झाडं निवडत राहायचं. याचं उत्तर १९९०च्या दशकात मिळालं.

त्या काळात अमेरिकेच्या ताटातलं लेट्यूस बदललं. धुतलेली, चिरलेली, पिशवीतली सॅलडं आली, सीझर सॅलड घरोघरी पोचलं, आणि आइसबर्गच्या जमिनीत लांब पानांचं रोमेन लावलं जाऊ लागलं. आणि नदीकाठच्या, निचरा न होणाऱ्या, पुराचं पाणी चढून गेलेल्या शेतांत रोमेन मरायला लागलं. बाहेरची पानं पिवळी, मग तपकिरी, झाड खुजं, मुळं कुजलेली. मातीत धुरी देऊनही फरक पडेना. याला म्हणतात 'डायबॅक'. मातीतून येणारे टॉम्बसव्हायरस गटातले विषाणू या झाडांत सापडले. नेमका कोणता विषाणू किती जबाबदार, यावरचं काम अजूनही चालू आहे.

पण एक गोष्ट विलक्षण होती. शेजारच्याच वाफ्यात आइसबर्ग ठणठणीत. तपासलेल्या आधुनिक आइसबर्ग वाणांपैकी एकालाही हा रोग होत नव्हता. रोमेन आणि सुट्या पानांची बहुतेक वाणं मात्र बळी पडत होती. सलिनासच्या केंद्रातल्या संशोधकांनी २००५ साली आइसबर्गमधला तो प्रतिकार एका प्रभावी जनुकावर आणून ठेवला आणि त्याला 'टीव्हीआर-१' असं नाव दिलं. मग प्रश्न आला: हा जनुक आइसबर्गमध्ये आला कुठून? डायबॅकसाठी तर कोणीच कधी निवड केली नव्हती.

संशोधकांनी वंशावळी मागे नेल्या आणि त्यांची नजर पोचली जॅगर यांच्या इम्पीरियल वाणांवर. ब्राउन ब्लाइट आणि डायबॅक यांची लक्षणं एकमेकांशी जुळतात. दोन्ही मातीतून येतात. त्यामुळे त्यांचा तर्क असा की ब्राउन ब्लाइट म्हणजेच डायबॅक असावा, किंवा त्याचा जवळचा भाऊ. जॅगर यांनी १९२०च्या दशकात निवडलेला प्रतिकार इम्पीरियलमधून पुढच्या प्रत्येक आइसबर्गमध्ये गुपचूप उतरत गेला. तो तिथे आहे हेच कोणाला माहीत नव्हतं, कारण रोग दिसत नव्हता. आणि रोग दिसत नव्हता, कारण तो जनुक तिथे होता.

विषाणू कुठे गेला नव्हता. तो मातीत, पाण्यात तसाच होता. बाजाराने वाण बदललं, आणि त्याबरोबर ज्या संरक्षणाची कोणी नोंदच ठेवली नव्हती तेही सुटलं. पुढे या जनुकाच्या खुणा सापडल्या, तो रोमेनमध्ये घालता आला, आणि तशा ओळी सरकारी केंद्राने बियाणं कंपन्यांसाठी खुल्या केल्या. आज बीजाचा एक तुकडा तपासून जनुक आहे की नाही ते सांगता येतं. हे फक्त कारणाचा माग काढला म्हणून शक्य झालं.

कारण कळलं, तरी

शेवटचं उदाहरण याच्या उलट आहे. १९९५ साली सलिनासच्या शेजारच्या पाहारो खोऱ्यात लेट्यूसवर 'व्हर्टिसिलियम'ची मर दिसली. इथे कारण अगदी ओळखीचं होतं. ही बुरशी टोमॅटोला, बटाट्याला, स्ट्रॉबेरीला होतेच. लेट्यूसला ती होत नाही, असाच तोवर समज होता. तिची काळी, सूक्ष्म बीजं मातीत दहा वर्षांहून जास्त टिकतात. वरून ही बुरशी पालकाच्या बियांबरोबरही येते. बेबी स्पिनच एकरी प्रचंड दाट पेरतात, त्यामुळे बी थोडं जरी दूषित असलं तरी शेतात बरीच बुरशी पोचते. पालक कोवळा कापला जातो, त्याला काहीच होत नाही. भोगतं ते नंतर लावलेलं लेट्यूस.

प्रतिकार सापडला 'ला ब्रियांत' नावाच्या एका जुन्या बटाविया प्रकारच्या लेट्यूसमध्ये. एकच प्रभावी जनुक, वापरायला सोपा. पण बुरशीच्या दोन जाती निघाल्या. पहिलीला हा जनुक थोपवतो, दुसरीला नाही. सगळीकडे पहिल्या जातीला रोखणारं वाण लावलं तर आपणच दुसरीला रान मोकळं करून देणार. म्हणून दुसऱ्या जातीसाठी अनेक छोट्या जनुकांचा अर्धवट प्रतिकार एकत्र करायचं काम चालू आहे. ते हळू होतं आणि त्याची जाहिरात करता येत नाही.

वाणाबाहेरचे उपायही आहेत. सलिनासमध्येच कृष्ण सुब्बाराव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ब्रोकोली घेऊन तिचे अवशेष जमिनीत गाडले की ही बुरशी कमी होते. पण सलिनासच्या जमिनीचं भाडं इतकं आहे की कमी पैसा देणारं पीक फेरपालटीला घेणं अनेकांना परवडत नाही. मिथिल ब्रोमाइडची धुरी हा जुना हुकमी मार्ग होता, तो ओझोनच्या कराराखाली बंद होत गेला. थोडक्यात, ज्या घट्ट, फेरपालट नसलेल्या शेतीतून हे रोग बळावले, तीच शेती चालू ठेवायची असेल तर सगळा भार वाणावर येतो.

आणि वाण तयार व्हायला दहाएक वर्षं लागतात. इम्पीरियल, व्हॅनगार्ड, आणि १९७५ साली रायडर यांनी आणलेलं 'सलिनास' ही सगळी सरकारी केंद्रांतली कामं. २०१७ साली लेट्यूसचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तो याच 'सलिनास' वाणाचा. अशा केंद्रांचं अंदाजपत्रक दरवर्षी ठरतं आणि निधी मागताना विचारलं जातं की या वर्षी काय निष्पन्न झालं. जॅगर यांच्या १९२०च्या दशकातल्या निवडीचा एक मोठा फायदा २००५ साली लक्षात आला. तो कुठल्या वर्षाच्या हिशोबात धरायचा?

तुमच्या पिशवीत या आठवड्यात रोमेन असेल, तर कदाचित त्यात तो जनुक असेल, कदाचित नसेल. पिशवीवर ते लिहिलेलं नसतं. पण आइसबर्गचा गड्डा घेतलात, तर त्याच्या पेशीपेशीत ब्राउन ब्लाइटने मेलेल्या शेतात तगून राहिलेल्या काही झाडांचा वारसा आहे. जॅगर यांनी ती झाडं उपटून फेकली नाहीत, त्यांचं बी धरलं आणि ते पुन्हा आजारी जमिनीत पेरलं.